पाय अजून पुढेच जातोय

परवा ठाण्यात माजिवड्याला सिग्नल सुटला, क्लच सोडला आणि सवयीने दोन्ही पाय पुढे टाकले. पुढे काहीच नाही. नुसती हवा. मागच्या टेम्पोवाल्याला वाटलं असणार हा बाबा बाईकवर झोका खेळतोय, कारण गाडी चाललीये आणि याचे पाय अधांतरी. मग पाय मागे, अजून मागे, अजून थोडे मागे, तेव्हा कुठे फूटरेस्ट सापडला. गाडी घेऊन महिना होऊन गेला तरी हे रोज एकदा तरी होतंच.

तर सांगायचं म्हणजे, अ‍ॅव्हेंजर विकली. २०१६ ची २२० क्रूझ, बजाजची क्रूझर, म्हणजे पाय पुढे टाकून आरामात बसायची बाईक, नऊ वर्षं आणि एकसष्ट हजार किलोमीटर. आणि तिच्या जागी दसऱ्याला सुझुकीची जिक्सर एसएफ २५० ही स्पोर्ट्स बाईक घरी आली. वय वर्षं एकेचाळीस. माझे सगळे मित्र पल्सर, एफझेड वगैरे विकून बुलेटवर चढून बसले, आता त्यांची पोटं आणि गाड्या एकमेकांना शोभून दिसतात, आणि मी मात्र उलट्या दिशेने निघालो. आईने गॅलरीतून बघितलं आणि म्हणाली, "अरे ही तर कॉलेजच्या मुलांची आहे, तुला कोणी दिली?" जणू मी चोरूनच आणली.

अ‍ॅव्हेंजर वाईट होती म्हणून विकली असं अजिबात नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर अ‍ॅव्हेंजरवाले येतील भांडायला. मी स्वतः त्यातलाच. ही गाडी बजाजने २००५ मध्ये काढली, त्याआधी त्यांचीच कावासाकी एलिमिनेटर होती, तीच लांबलचक ठेवण पुढे हिच्यात आली. माझी उंची पाच फूट पाच इंच. तिची सीट जमिनीपासून ७३७ मिलिमीटर, म्हणजे सिग्नलला दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकवून, हात मांडीवर ठेवून, अगदी ओट्यावर बसल्यासारखं बसता यायचं. माझ्यासारख्या बुटक्याला त्या काळात दुसरी कुठलीच मोठी दिसणारी गाडी एवढी आपली वाटली नव्हती. मागे बॅकरेस्ट बसवून घेतली होती, बाजूला सॅडलबॅग. बायको मागे टेकून बसायची आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये चक्क डुलकी काढायची. खोटं वाटेल, पण पातलीपाड्याला झोपलेली बाई कापूरबावडीला हॉर्नच्या आवाजाने उठायची.

गाडी घेतली तेव्हा डोळ्यासमोर काय होतं तर कोकण, गोवा, कर्नाटक, लांब रिकामा रस्ता आणि आपण. झालं काय तर एकदा गणपतीपुळे, दोनदा महाबळेश्वर, एकदा भंडारदरा, आणि किरकोळ अलिबाग वगैरे. गोवा राहिलंच. विकायच्या आधी एका रात्री बसून हिशोब केला, सगळ्या ट्रिपा ओढूनताणून धरल्या तरी चार हजार किलोमीटरच्या वर जाईनात. म्हणजे बाकीचे सत्तावन्न हजार कुठे गेले? मानपाडा ते महापे, घर ते काम. रोज. ऐरोली पुलावरून जा, रबाळे, घणसोली, महापे, संध्याकाळी तेच उलटं. आणि ज्या दिवशी पुलाला कोंडी त्या दिवशी कळव्यावरून, विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून, जिथे जरा पाऊस पडला की आधी पुढचा रिक्षावाला पाण्यात किती बुडतोय ते बघायचं आणि मग आपण ठरवायचं. चार हजारासाठी गाडी घेतली आणि सत्तावन्न हजार तिला दुसऱ्याच कामाला जुंपली. हा आकडा कागदावर बघितला ना, तेव्हा खरं तर गाडी विकली गेली, बाकी सगळं नुसतं कागदपत्र.

आता क्रूझरचं एक गणित आहे, कुठल्याही कंपनीची घ्या. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दांडे, पुढे झुकलेला, दोन चाकांमधलं अंतर जास्त, पाय पुढे. सरळ रस्त्यावर या सगळ्याचा फायदाच होतो, गाडी रुळावर असल्यासारखी जाते. पण घोडबंदरला मेट्रोचे बॅरिकेड, त्यात सर्व्हिस रोड मेन रोडला जोडायचं काम, कालचा रस्ता आज त्याच जागी असेल याची खात्री नाही, तिथे तुम्हाला दर वीस फुटांवर गाडी इकडून तिकडे टाकावी लागते. आणि खड्डा. खड्ड्याचं तर मी पीएचडी करू शकतो. साध्या बाईकवर खड्डा दिसला की आपण नकळत पायांवर जोर देऊन सीटवरून जरासं उठतो, धक्का गुडघ्यात जिरतो. क्रूझरवर पाय पुढे, खुर्चीत बसल्यासारखे. खुर्चीत बसून पाय पुढे पसरा आणि हात न लावता उठून दाखवा. जमत नाही ना? तसंच. सगळा खड्डा थेट माकडहाडात. तिशीत हे काही वाटलं नाही. चाळिशीत डॉक्टरांनी विचारलं काय चालवता, मी सांगितलं, ते फक्त "हं" म्हणाले आणि लिहायला लागले.

आणि मग जुलै. महापे सर्कलच्या अलीकडे, बारीक पाऊस, तो जो सगळ्यात बेक्कार असतो, रस्ता धुतही नाही आणि कोरडाही ठेवत नाही. पुढे एक रिक्षा डाव्या बाजूच्या पॅसेंजरसाठी उजव्या लेनमधून तिरकी गेली. मी मागचा ब्रेक दाबला, घाबरून जरा जास्तच दाबला, मागचं चाक लॉक झालं आणि गाडीची शेपटी हळूच डावीकडे निघाली. पडलो नाही. कसा पडलो नाही माहीत नाही. गाडी आडवी उभी राहिली, मी तिच्यावर, आणि रिक्षावाला पॅसेंजरशी भाडं ठरवतोय. चूक माझीच, ओल्यात असा ब्रेक मारतात का. पण माझी गाडी २०१६ ची, एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय, नाही. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस कंपल्सरी झालं ते २०१८ पासून नव्या मॉडेलना आणि २०१९ च्या एप्रिलपासून सगळ्यांनाच. त्या दिवशी घरी काही बोललो नाही. रात्री फक्त मोबाईलवर बाईक बघत बसलो. बायकोने विचारलं, "काय झालं आज?" म्हटलं काही नाही. "मग रात्री साडेबाराला ब्रेकचे व्हिडिओ कोण बघतं?"

शोधाशोधीचं जास्त लिहीत नाही, ते सगळ्यांचं सारखंच असतं, आधी ३९० ड्यूक बघायची, मग भानावर यायचं. पण एक गोष्ट आमच्या पथ्यावर पडली. २०२५ च्या २२ सप्टेंबरला, बरोबर घटस्थापनेच्या दिवशी, ३५० सीसीपर्यंतच्या बाईकचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि ३५० च्या वरच्या गेल्या ४० वर. ड्यूक ३९९ सीसीची, म्हणजे विषयच संपला, बायकोला पटवायला दुसरं काही बोलावंच लागलं नाही, सरकारनेच बोलून टाकलं. २५० च्या गाडीत पंधराएक हजारांचा फरक पडत होता. फक्त दसऱ्याला डिलिव्हरी हवी म्हणणारे पण तेवढेच वाढले होते. शोरूममध्ये एकाच वेळी चार घरांचे नारळ फुटत होते, आमच्या हाराची झेंडूची फुलं शेजारच्या अ‍ॅक्सेसला गेली.

टेस्ट राइडला मात्र मी घाबरलो होतो हे कबूल करतो. सीट ८०० मिलिमीटर. अडीच इंच जास्त. अडीच इंच म्हणजे काय असं वाटतं, पण पाच फूट पाच इंचवाल्याला विचारा. टाच वर राहते, चवड्यावर उभं राहावं लागतं. पण गाडी मध्ये बारीक आहे आणि वजन १६१ किलो, त्यामुळे मांड्या जास्त फाकवाव्या लागत नाहीत आणि पाय त्यातल्या त्यात सरळ खाली जातो. हँडल क्लिप-ऑन, म्हणजे दोन तुकड्यांचं, खाली बसवलेलं, पण फार खाली नाही, आर१५ सारखं साष्टांग नमस्कार घालावा लागत नाही. शोरूमच्या पोराने सांगितलं, "सर, हातावर वजन टाकू नका, गुडघ्याने टाकी पकडा." मी म्हटलं हो हो. आणि पहिला आठवडाभर हातावरच वजन टाकलं. संध्याकाळी चहाचा कप उचलताना मनगट थरथरायचं. मग एका रविवारी येऊरला गेलो सकाळी साडेसहाला, उपवनवरून वर, गेटच्या पुढे जी वळणं आहेत तिथे, तीसच्या स्पीडने, आणि नुसतं गुडघे आवळून चालवली. हात इतके सैल की दोन बोटांनी हँडल धरता येईल. मॉर्निंग वॉकवाले आजोबा लोक हातवारे करत होते, बहुतेक शिव्या असाव्यात, पण मी शिस्तीत होतो हो, हॉर्नसुद्धा नाही. तिसऱ्या फेरीला एकदम कळलं. पोट जरा आत घ्यायचं, पाठ पोटाने धरायची, पाठीने नाही. म्हणजे ही गाडी चालवायला पोटाचे स्नायू लागतात. जे माझ्याकडे नाहीत. होतील.

दुसरी गोष्ट वळणाची. क्रूझरवर मी नऊ वर्षं वळण घ्यायचो म्हणजे हँडल फिरवायचो आणि गाडी निवांत यायची, विचार करून, बरं येते म्हणून. तिच्या दोन चाकांमधलं अंतर १४९० मिलिमीटर, हिचं १३४५. साडेपाच-पावणेसहा इंच कमी. आणि पुढचा फोर्क पण जास्त उभा. परिणाम काय, तुम्ही उजवीकडच्या हँडलला नुसतं पुढे ढकललंत ना, हलकंच, की गाडी उजवीकडे झुकते आणि वळते. वाचायला उलटं वाटतं, उजवं हँडल पुढे ढकललं तर चाक डावीकडे जाईल ना? चाक क्षणभर जातंच डावीकडे, आणि त्यामुळेच गाडी उजवीकडे पडते. थोडा वेग असला की कुठल्याही दोन चाकीला हे लागू आहे, अ‍ॅव्हेंजरला पण होतं, पण तिथे ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं कारण ती माझ्या चुका पदरात घ्यायची. ही घेत नाही. हिला तुम्ही जे सांगाल ते लगेच करते, चुकीचं सांगितलं तर चुकीचं लगेच करते.

ताकदीचं विचाराल तर जुनीला १९ पीएस, म्हणजे साधारण हॉर्सपॉवर, होती, हिला २६.५, पाचाऐवजी सहा गिअर. पण सध्या रनिंग-इन, म्हणजे नवं इंजिन जपून चालवायचा काळ, चालू आहे, पहिल्या सर्व्हिसपर्यंत पिळायची नाही असं बजावलंय, त्यामुळे ती ताकद मला अजून फक्त पेपरवर माहितेय. जुनी कशी, चौथ्यात टाकून चाळीसने गुणगुणत जायची, गिअर विसरला तरी चालायचं. हिला गिअर बदलत राहावं लागतं. डावा पाय दमतो. यू-टर्न पण एक वैताग आहे, हँडल फार वळत नाही, कापूरबावडीच्या पुलाखाली पहिल्या दिवशी एका दमात वळली नाही म्हणून पाय टेकवून मागे घ्यावी लागली, पाठीमागे टीएमटीची बस. ड्रायव्हर काका काही बोलले नाहीत, फक्त हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला. तो आवाज मी विसरणार नाही.

आता व्यवहाराचं सांगतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. एक्स्चेंजमध्ये द्यायची असंच ठरवलं होतं. जिथे गाडी बघत होतो तिथे एक माणूस आला, अ‍ॅव्हेंजरभोवती दोन चकरा मारल्या, सायलेन्सरला बोट लावलं, तेच बोट पँटला पुसलं आणि म्हणाला, "बावीस." मला आधी वाटलं टायरचं बोलतोय. बावीस हजार. नऊ वर्षं वेळच्या वेळी सर्व्हिस केलेली गाडी, बिलं फाईलला लावलेली. मी म्हटलं निदान सुरू तरी करून बघा. तो म्हणाला, "सर, चालू असेलच." यापेक्षा शिवी दिली असती तरी चाललं असतं. एक्स्चेंज बोनस म्हणून वर तीन. घरी आलो, बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटो टाकला, आणि आमच्या इस्त्रीवाल्याचा भाचा, कळव्याला राहतो, तो संध्याकाळी आला आणि छत्तीसला नेली. आला तेव्हा पाऊण तास फक्त बघत होता. सीटवर बसला, पाय पुढे टाकले, आणि त्याच्या तोंडावर जे आलं ते मी २०१६ ला शोरूमच्या आरशात बघितलं होतं. मग भाव करायची माझीच इच्छा राहिली नाही, चाळीस सांगितले होते, त्याने छत्तीस म्हटलं, मी हो म्हटलं, बायकोने आतून दार आपटलं.

पण बाहेर विकायची तर कागद नीट करा, प्लीज. माझं लोन २०१९ लाच फिटलं होतं पण आरसीवर बँकेचं नाव तसंच, कारण बँकेने तेव्हाच पाठवलेला एनओसी आणि बँकेचं नाव काढायचा फॉर्म ३५ मी इतक्या जपून ठेवला होता की सापडेना. तो शेवटी आईच्या रेशनकार्डाच्या पिशवीत सापडला, पण तीन महिन्यांच्या वर झालेला म्हणून बँकेकडून परत नवा घ्यावा लागला. एचपी, म्हणजे आरसीवरचा बँकेचा बोजा, उतरल्याशिवाय मालकाचं नाव बदलत नाही. मग मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, गाडी ठाण्याचीच, एमएच ०४ ते एमएच ०४, त्यामुळे आरटीओच्या एनओसीची भानगड नाही. नवी नंबरप्लेट, ती एचएसआरपी, मी आधीच बसवली होती म्हणून वाचलो, २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना लागतेच. आणि जोपर्यंत नाव बदललं नाही तोपर्यंत माझी झोप उडालेली, कारण त्या पोराने कुठे सिग्नल तोडला की ई-चलन माझ्या मोबाईलवर. अठरा दिवस मी मेसेजचा आवाज आला की दचकायचो. एकही आलं नाही, पोरगं गुणी निघालं.

आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम केला नाही म्हणून इन्शुरन्सच्या हप्त्यात मिळणारी सूट. हे कोणीही सांगत नाही, शोरूमवाला तर नाहीच. तो गाडीचा नसतो, आपला असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर पन्नास टक्के होतो, आणि जुनी गाडी विकल्याचा कागद दाखवून इन्शुरन्स कंपनीकडून सर्टिफिकेट घेतलं की नव्या गाडीच्या ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्यात तो मिळतो, तीन वर्षांपर्यंत चालतो. थर्ड पार्टीच्या भागावर नाही मिळत, तो तर नव्या गाडीला पाच वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो. तरी हजार-बाराशे वाचले. त्यात हेल्मेटचा नवा व्हायजर आला.

गेल्या रविवारी माळशेजला गेलो. मुरबाड, टोकावडे, तिकडून. पाऊस संपून डोंगर अजून हिरवे, कडेला थोडी पिवळी सोनकी उरलेली. टोकावड्यात मिसळ खाल्ली, पाव गार होता पण तर्री अशी की डोळ्यात पाणी आलं, ते मनगटाच्या दुखण्याचं नव्हतं एवढं नक्की. घाटात मी काही वेगात नव्हतो, पन्नास-पंचावन्न, दोन बुलेटवाले मला ओव्हरटेक करून गेले आणि वर हात करून गेले. पण एका वळणाला, बोगद्याच्या थोडं आधी, मी लांबून वळणाच्या शेवटाकडे बघितलं, उजवं हँडल जरा ढकललं, आणि गाडी तिथेच गेली. जिथे बघितलं तिथेच. पुढच्या वळणाला मुद्दाम परत करून बघितलं. मग त्याच्या पुढच्या. वर पोचलो तेव्हा पाठ दुखत नव्हती, हे मला गाडीवरून उतरून चहा पिताना लक्षात आलं. मनगटं दुखत होती, पण ती वेगळी, क्रिकेट खेळल्यावर दुखतात तशी.

तोटा एकच झालाय आणि तो मोठा आहे. बायकोची सीट. मागची सीट म्हणजे वहीएवढी, वरच्या मजल्यावर, बॅकरेस्ट नाही, धरायला धड काही नाही. डिलिव्हरीच्या दुसऱ्या दिवशी तिला तलावपाळीला नेलं, मानपाडा ते तलावपाळी, किती, पाच-सहा किलोमीटर. प्रत्येक ब्रेकला तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर, टक. टक. टक. तीन हात नाक्यापर्यंत ती हसत होती, पुढे गप्प झाली. तलावाच्या कठड्याला बसून शेंगा खाल्ल्या आणि म्हणाली, "गाडी छान आहे तुझी." तुझी. नऊ वर्षांत अ‍ॅव्हेंजरला ती "आपली" म्हणायची, कधी लक्षातही आलं नव्हतं. येताना ती रिक्षाने आली. मी रिक्षाच्या मागे मागे.

म्हणजे मला तरी वाटत होतं की मी एक गाडी विकून एक गाडी घेतली. घरात हिशोब वेगळा लागलाय.

काल त्या कळव्याच्या पोराचा फोन आला. मी अंघोळीला होतो, बायकोने उचलला. त्याला सॅडलबॅग हव्या होत्या, त्या मी ठेवून घेतल्या होत्या, माळ्यावर, गोव्याला लागतील म्हणून. बाहेर आलो तर ती स्टुलावर चढून खाली काढत होती. म्हटलं अगं, राहू दे ना त्या. "कुठल्या गाडीला लावणारेस?" मी काही बोललो नाही. दीड हजाराला दिल्या. ते पैसे तिने डब्यात ठेवलेत, चिठ्ठी लावून. रिक्षा - तलावपाळी.